वेगाचा दंड, वेळेचा हुकूम

फेरी संपली की हिशोब होतो. कळंबोलीत असो, भिवंडीत वा चाकणला, रीत सारखीच. ड्रायव्हर पोहोच झालेल्या एलआरच्या प्रती, डिझेलच्या स्लिपा, हमालीच्या आणि पंक्चरच्या पावत्या टेबलावर ठेवतो. मुनीम उचल वजा करतो, डिझेलचं अ‍ॅव्हरेज काढतो आणि हातात किती पडणार ते सांगतो. गेल्या काही वर्षांत या कागदांमध्ये एका प्रिंटची भर पडली आहे. त्यावर तारीख, वेळ, ठिकाण आणि वेग असे चार रकाने असतात, खाली पाच-दहा ओळी, त्यातल्या काही लाल अक्षरात, आणि शेवटी कापायची रक्कम.

बहुतेक ड्रायव्हर हा कागद वाचत नाहीत. रात्रभर गाडी चालवून आलेल्या माणसाला कधी एकदा आंघोळ करून पाठ टेकतो असं झालेलं असतं, आणि यंत्राशी वाद घालून काय मिळणार, असंही त्याला वाटतं. पण हा कागद वाचता येणं आता गाडी चालवता येण्याइतकंच गरजेचं आहे. कारण त्यावरून पगार कापला जातो, चांगला रूट हातचा जातो आणि कधी कधी नोकरीही. ज्यांच्या पाच-दहा गाड्या आहेत त्या मालकांनाही तो नीट वाचता यायला हवा. चुकीच्या ओळीवर दंड लावला, तर चांगला ड्रायव्हर पुढच्या महिन्यात दुसऱ्याच्या गाडीवर दिसतो.

आधी हा वेग कंपनीला कळतो कसा, ते पाहू. सगळ्यात जुनी सोय गाडीतच असते. १ ऑक्टोबर २०१५ नंतर बनलेल्या मालवाहू गाड्यांना स्पीड गव्हर्नर सक्तीचा आहे. साध्या ट्रकला तो ताशी ८० किलोमीटरला रोखतो. टँकर, डंपर आणि धोकादायक माल नेणाऱ्या गाड्यांना ६०ला. मात्र त्याचा उपयोग सपाटीवर आणि चढावर. इंधन कमी करून तो इंजिनाला आवरतो. उतारावर भरलेली गाडी स्वतःच्या वजनाने धावत असते, तिथे त्याचं काही चालत नाही. घाटात वेग वाढला की ‘गव्हर्नर आहे की’ म्हणून निर्धास्त राहणारा ड्रायव्हर म्हणूनच फसतो.

दुसरी सोय जीपीएसची. डॅशबोर्डच्या आत बसवलेला तळहाताएवढा डबा ठरावीक सेकंदांनी गाडी कुठे आहे आणि किती वेगात आहे हे कंट्रोल रूमला कळवत असतो. नव्या गाड्यांत ही यंत्रणा कारखान्यातूनच बसून येते. टाटाची फ्लीट एज, अशोक लेलँडची आय-अलर्ट, महिंद्राची आयमॅक्स या सगळ्या याच जातीच्या. त्या इंजिनाच्या संगणकाशी जोडलेल्या असल्याने नुसता वेग सांगून थांबत नाहीत. कुठे जोरात ब्रेक मारला, किती वेळ गाडी जागेवर चालू ठेवली, आरपीएम हिरव्या पट्ट्याबाहेर किती वेळ होता, हेही त्या नोंदवतात. डब्याची वायर काढली की काम झालं, असं समजणारे अजून आहेत. बऱ्याच डब्यांत स्वतःची बॅटरी असते. सरकारी एआयएस-१४० मानकाप्रमाणे तर ती किमान चार तास टिकावी लागते. वायर निघाली की त्याच क्षणी तसा संदेश जातो, आणि बहुतेक कंपन्या वायर काढण्याला ओव्हरस्पीडपेक्षा मोठा गुन्हा मानतात. तेल कंपन्यांच्या टँकरवर तर हा प्रकार थेट गाडी काळ्या यादीत टाकण्यापर्यंत जाऊ शकतो.

तिसरी सोय फास्टॅगची. हिच्याकडे ड्रायव्हरचं लक्ष सहसा जात नाही. दोन टोलनाके ६० किलोमीटर अंतरावर आहेत आणि गाडीने ते ४० मिनिटांत ओलांडले, तर सरासरी वेग ताशी ९० निघतो. त्यासाठी ना कॅमेरा लागतो ना डबा. ऑफिसात बसलेला माणूस टोलच्या मेसेजवरून तो काढू शकतो. शेवटी रस्त्यावरचे सरकारी कॅमेरे. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर जुलै २०२४पासून आयटीएमएस ही कॅमेऱ्यांची यंत्रणा सुरू झाली. तिचं चलन गाडीमालकाच्या मोबाइलवर येतं, ड्रायव्हरच्या नाही. हा बारकावा महत्त्वाचा आहे. त्यावर पुढे येऊच.

आता ती लाल ओळ. समजा, तिथे लिहिलं आहे: रात्री २ वाजून १७ मिनिटं, वेग ७४, मर्यादा ४०. ड्रायव्हर शपथेवर सांगतो की आपण हायवेवर होतो आणि तिथली मर्यादा ८० आहे. दोघंही खरं बोलत असू शकतात. उड्डाणपुलाखालून सर्व्हिस रोड जातो तिथे जीपीएसला पूल आणि खालचा रस्ता वेगळा ओळखणं कठीण जातं. नकाशाने गाडी खालच्या रस्त्यावर धरली, की पुलावरचा योग्य वेगही गुन्हा ठरतो. म्हणून अशी ओळ दिसली की आधी ठिकाण पाहावं. ‘नकाशावर दाखवा’ म्हणायला संकोच करू नये. पडद्यावर ठिपके उमटतात आणि गाडी पुलावर होती की खाली, हे पुष्कळदा तिथेच स्पष्ट होतं.

दुसरी चूक उसळीची. बोगद्यातून बाहेर पडताना किंवा घाटाच्या कड्याला लागून जाताना सिग्नल तुटतो, पुन्हा जुळतो, आणि डबा एखादा आकडा भलताच देतो. भरलेली १६ चाकी गाडी पाच सेकंदांत ५८वरून ९६वर जाऊन पुन्हा ६०वर येऊ शकत नाही. मागची-पुढची ओळ पाहिली की ही उसळी ओळखता येते. म्हणून निव्वळ कमाल वेगावर दंड लावणारी कंपनी चुकते. मर्यादेवर सलग किती सेकंद गाडी होती, हे बघणारी कंपनी बरोबर करते. ही मुदत किती आहे, ३० सेकंद की दोन मिनिटं, हे नोकरीला लागतानाच विचारून घ्यावं.

तिसरी तक्रार नेहमीची: ‘माझ्या मीटरवर ८०च होते.’ इथे मात्र ड्रायव्हरची बाजू लंगडी पडते. स्पीडोमीटर खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवणार नाही, अशाच नियमाने तो बनवलेला असतो. दाखवला तर थोडा जास्तच दाखवतो. मोकळ्या आकाशाखाली जीपीएसचा वेग बऱ्यापैकी अचूक असतो. मीटरवर ८० आणि डब्यात ८८ असं वारंवार होत असेल, तर गाडीला मूळ मापाचे टायर आहेत का, की मोठे चढवलेत, हे वर्कशॉपमध्ये तपासून घ्यावं.

शिक्षा कशी होते? बड्या कंपन्यांत तिची एक उतरंड असते. पहिल्यांदा केबिनमध्ये बझर वाजतो, मग कंट्रोल रूमचा फोन येतो, मग लेखी ताकीद, एक दिवसाचं ट्रेनिंग, इन्सेंटिव्हची कपात, रूट बदलणं आणि शेवटी घरी पाठवणं. महिन्याचा स्कोअर काढून वरच्या नंबरातल्या ड्रायव्हरांना बक्षीस देणाऱ्याही कंपन्या आहेत. सिमेंट, केमिकल आणि गॅसच्या प्लांटमध्ये माल देणारी कंपनीच ड्रायव्हरचा गेटपास बंद करते. ती शिक्षा सगळ्यात कडक, कारण मालकाची इच्छा असूनही मग त्याला त्या गाडीवर ठेवता येत नाही. छोट्या मालकाकडे यातलं काहीच नसतं. तिथे शेठचा फोन येतो, दोन शब्द ऐकावे लागतात आणि हिशोबात पाचशे-हजार कापले जातात. लेखी काही नाही.

या कापाकापीला कायद्याची मर्यादा आहे आणि ती फार थोड्यांना ठाऊक असते. १९३६च्या वेतन प्रदान कायद्यात मोटार वाहतुकीचा उल्लेख नावानिशी होता, आणि त्यातला दंडाचा नियम २०१९च्या वेतन संहितेनेही तसाच ठेवला. पगाराच्या एका मुदतीत दंड म्हणून ३ टक्क्यांहून जास्त कापता येत नाही. म्हणजे महिना २० हजार पगार असेल तर ६०० रुपये. कोणत्या चुकीला दंड होईल हे आधी जाहीर केलेलं हवं, ड्रायव्हरला बाजू मांडायची संधी द्यायला हवी, दंडाची नोंद रजिस्टरमध्ये व्हायला हवी, आणि तो हप्त्याहप्त्याने किंवा ९० दिवसांनंतर वसूल करता येत नाही. जमलेला दंड कामगारांच्या भल्यासाठी खर्च व्हावा, असंही कायदा म्हणतो. निष्काळजीपणामुळे झालेलं नुकसान भरून घेण्याचा नियम वेगळा आहे, पण तिथेही आधी म्हणणं ऐकावं लागतं आणि नुकसानीपेक्षा जास्त कापता येत नाही.

इथे एक फरक समजून घ्यावा. चांगल्या चालवण्याबद्दल ठेवलेलं बक्षीस न देणं आणि ठरलेल्या पगारातून कापणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. म्हणूनच बऱ्याच कंपन्या पगाराचा आकडा लहान ठेवून इन्सेंटिव्हचा मोठा करतात. कामाला लागताना ‘महिन्याला इतके पडतील’ एवढ्यावर मान डोलवू नये. त्यात पगार किती, भत्ता किती आणि इन्सेंटिव्ह किती, हे कागदावर घ्यावं. कागद देत नसतील तर निदान व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून मागावं. तो मेसेजही पुढे उपयोगी पडतो.

सरकारी चलनाचं गणित आणखी वेगळं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८३प्रमाणे जड वाहनाला वेगमर्यादा मोडल्याबद्दल २ ते ४ हजार रुपये दंड आहे, आणि दुसऱ्यांदा सापडल्यास लायसन्स जप्त होतं. पैसे मालकाकडून उचल घेऊन भरता येतात. लायसन्स तीन महिने अडकलं तर मात्र घरची चूल थंड पडते. त्यामुळे मालक जेव्हा ‘तुझं चलन आलंय’ म्हणून पैसे कापतो, तेव्हा ड्रायव्हरने चलनाची प्रत मागावी. त्यावर फोटो, वेळ, ठिकाण आणि यंत्राने मोजलेला वेग असायला हवा. २०२१मध्ये आलेल्या नियम १६७-अ प्रमाणे कॅमेऱ्याच्या चलनाची नोटीस १५ दिवसांत जायला हवी आणि त्या पट्ट्यात कॅमेरा असल्याची पाटी लावलेली हवी. चलन चुकीचं वाटलं तर महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या महाट्रॅफिक अ‍ॅपवर तक्रार करता येते. जुलै २०२५मध्ये राज्यातल्या वाहतूकदारांनी ई-चलनांच्या प्रश्नावर संप पुकारला होता. घाटातली मर्यादा भरलेल्या गाडीला परवडणारी आहे का, हाही वादाचा मुद्दा आहे. वाद आपल्या जागी. पाटीवर जो आकडा आहे तो आज लागू आहे आणि कॅमेरा तोच धरतो.

गाडीवर दोन ड्रायव्हर असतील तर आणखी एक काळजी घ्यावी. स्टिअरिंग कुणाच्या हातात कधी गेलं, हे डब्याला कळत नाही. ढाब्यावर ड्रायव्हर बदलताना किलोमीटर आणि वेळ डायरीत लिहून ठेवली, की दुसऱ्याच्या पायाचा भार आपल्या पगारावर येत नाही. एका ओळीचं काम आहे, पण किती भांडणं त्यामुळे वाचतात!

इथवर सगळं ड्रायव्हरच्या बाजूने यंत्राकडे पाहिलं. पण वेगाबद्दल गंभीर व्हायलाच हवं, हे कुणी विसरू नये. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२मध्ये देशात १ लाख ६८ हजार ४९१ माणसं रस्त्यावर मेली, आणि त्यातल्या ७१ टक्क्यांहून जास्त मृत्यूंना अतिवेग कारणीभूत होता. ८०ने जाणारी गाडी डोळ्याची पापणी लवून पाय ब्रेकवर जाईपर्यंत, सेकंदाभरात, २२ मीटर पुढे जाते. ८०च्या जागी ९० केले तर ब्रेकला सव्वापट ताकद जिरवावी लागते. आणि मिळतं काय? ३०० किलोमीटरच्या अखंड मोकळ्या रस्त्यावर २५ मिनिटं. खऱ्या रस्त्यावर टोल, गावं आणि ट्रॅफिक धरले तर तेवढीही नाहीत.

मग ड्रायव्हर पळवतो का? हौस म्हणून पळवणारे थोडे आहेत. बाकीच्यांना घड्याळ पळवतं. गाडी सकाळी १० वाजता प्लांटच्या गेटवर लागते. आत घ्यायला दुपार होते, लोडिंगला संध्याकाळ. पोहोचायची वेळ मात्र सकाळी ठरली तीच राहते. गेटवर वाया गेलेले आठ तास कुणाच्याच खात्यात जमा होत नाहीत. ते ड्रायव्हरने रस्त्यावर भरून काढायचे, असं सगळे गृहीत धरतात. आणि भरून काढताना लाल ओळ उमटली की दंड त्यालाच. ज्या ऑफिसातून रात्री १ वाजता ‘कुठे आहेस, लवकर काढ’ म्हणून फोन येतो, त्याच ऑफिसातून ८ दिवसांनी ओव्हरस्पीडचा प्रिंट निघतो. हा अन्याय आहे, आणि कायद्यालाही तो अन्याय वाटतो.

कलम १८३ पुरतं वाचणारे थोडे. ते फक्त चालवणाऱ्याबद्दल बोलत नाही. आपल्या हाताखालच्या माणसाला जो मर्यादेबाहेर चालवायला लावतो त्यालाही तोच दंड सांगतं. त्याच्याच चौथ्या उपकलमात आणखी ठळक गोष्ट आहे. अमुक फेरी अमुक वेळेत पुरी करा असा आदेश किंवा वेळापत्रक दिलं, आणि वेगमर्यादा न मोडता ती वेळ गाठणं शक्य नव्हतं असं न्यायालयाला वाटलं, तर ते वेळापत्रकच आदेश देणाऱ्याविरुद्ध प्रथमदर्शनी पुरावा ठरतं. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला ‘सकाळी ४ला पोहोचलाच पाहिजे’ हा मेसेज म्हणजे आदेशच. तो पुसून टाकू नये.

बाहेरच्या देशांनीही हेच सूत्र धरलं आहे. अमेरिकेत नियम ३९२.६ ट्रक कंपनीला मर्यादा मोडल्याशिवाय पुरी होणार नाही अशी फेरी आखायलाच मनाई करतो. युरोपात २००६च्या नियमावलीने किती किलोमीटर तोडले किंवा माल किती लवकर पोहोचवला यावर ड्रायव्हरचे पैसे ठरवायला बंदी घातली आहे, जर त्यामुळे रस्त्यावरची सुरक्षा धोक्यात येत असेल. आपल्याकडे फेरीवर पैसे देण्याची पद्धत इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यात काही गैर आहे असं वाटतही नाही.

‘ई-वे बिल संपेल’ हे गाडी हाकायचं आणखी एक कारण ऐकू येतं. ते टिकत नाही. साध्या मालाला प्रत्येक २०० किलोमीटरमागे एक दिवस मिळतो. मुंबई ते बंगळूर सुमारे हजार किलोमीटर, म्हणजे पाच दिवस. ताशी ४५च्या सरासरीने हे अंतर २२ तासांच्या ड्रायव्हिंगचं. १९६१च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने घालून दिलेलं दिवसाला ८ तासांचं माप पाळलं, तरी एकटा ड्रायव्हर तिसऱ्या दिवशी पोहोचतो आणि दोन दिवस शिल्लक राहतात. वाटेत गाडी बंद पडली तर मुदत संपायच्या आधी आठ आणि नंतर आठ तासांत ती वाढवूनही घेता येते.

मालकांसाठी एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. एका हाताने वेगावर दंड आणि दुसऱ्या हाताने डिझेलच्या अ‍ॅव्हरेजवर दंड, असं चालवलं तर दुसरा दंड पहिल्याला खातो. २० नोव्हेंबर २०२२च्या रात्री पुण्यात नवले पुलाजवळ कात्रजच्या नव्या बोगद्याकडून उतरणारी एक भरलेली गाडी आवरली नाही आणि अनेक वाहनांचा चुराडा झाला. उतारावर इंधन वाचवण्यासाठी इंजिन बंद केलं होतं, असं पोलिसांच्या प्राथमिक तपासात पुढे आलं. इंजिन बंद झालं की हवेचा दाब भरत नाही, इंजिनाचा ब्रेक मिळत नाही, स्टिअरिंग जड होतं. न्यूट्रलमध्ये टाकलेल्या गाडीलाही इंजिन धरून ठेवत नाही. लिटरभर डिझेलसाठी कुणी असा जीव धोक्यात का घालेल, असा प्रश्न पडतो तेव्हा त्या ड्रायव्हरच्या हिशोबात डिझेल कमी पडल्याबद्दल काय कापलं जातं, हे आधी पाहावं. उताराच्या रूटला अ‍ॅव्हरेजची अट सैल ठेवणं, चढताना घेतला तोच किंवा त्याखालचा गिअर उतरताना ठेवायला सांगणं, आणि एक्झॉस्ट ब्रेक चालू स्थितीत आहे ना हे दर सर्व्हिसला बघणं, एवढं तरी मालकाने करावंच.

माल लवकर पोहोचवायचा दुसरा मार्ग आपल्याच देशात करून दाखवला गेला आहे. २०१४मध्ये सुरू झालेल्या रिव्हिगो या कंपनीने रिले पद्धत आणली. एक ड्रायव्हर चार-पाच तास गाडी चालवून ठरलेल्या ठिकाणी दुसऱ्याच्या हाती देतो आणि दुसरी गाडी घेऊन घरी परततो. गाडी थांबत नाही, माणूस मात्र झोपतो. त्या कंपनीचा एक्स्प्रेस व्यवसाय २०२२मध्ये महिंद्रा लॉजिस्टिक्सने घेतला. पाच गाड्यांच्या मालकाला अख्खं जाळं उभं करणं जमणार नाही. पण नेहमीच्या रूटवर दुसऱ्या मालकाशी बोलून मध्यावर ड्रायव्हर बदलायची सोय जमू शकते, आणि माल देणाऱ्या कंपनीशी भाडं ठरवताना पोहोचायची वेळ गेटमधून गाडी सुटल्यापासून मोजायची, हे तर नक्कीच जमू शकतं. हॉल्टिंगचे पैसे मागायला लाजू नये. थांबलेल्या गाडीचे पैसे मिळाले तर ते तास रस्त्यावर वसूल करायची पाळी येत नाही.

ड्रायव्हरच्या हातात मात्र फेरी सुरू होण्याआधीची दोन मिनिटं असतात. गेटपासवर आत जायची आणि बाहेर पडायची वेळ छापलेली असते. त्याचा फोटो काढावा, आणि गाडी हलवण्याआधी सुपरवायझरला साधा मेसेज टाकावा. ‘चाकण गेट इन सकाळी १०.१५. लोडिंग पूर्ण ६.४०. गेट आउट ७.०५. हुबळी अंदाजे ४५० किलोमीटर. मर्यादेत चालवून, जेवण आणि ५ तास झोप धरून उद्या दुपारी १पर्यंत पोहोचेन. पहाटे ४ला पोहोचणं जमणार नाही. पार्टीला कळवा.’ मग फोन स्टँडला लावावा, हवेचा दाब भरला का पाहावं आणि गाडी काढावी.